पितळी चूक

मुलांनो,

मागच्या रविवारी तुम्ही पाठवलेला फोटो मी चष्मा लावून, मोठा करून तीन वेळा पाहिला. धाकट्यानं रायफल घेतली आहे. तुमच्याकडे परदेशात ती दुकानात मिळते, रीतसर मिळते, हे मला ठाऊक आहे. खाली कडी असलेली, कडी खाली-वर केली की पुढचं काडतूस आपोआप आत जाणारी. फोटोखाली तू लिहिलं आहेस, "आजी, आखूड नळीची घेतली. हाताळायला एकदम सोपी. आई म्हणते तुमच्या घरी अशीच होती."

होती. पण तुझं ते वाक्य वाचून मी घाबरले नाही. फोटोत तू ती रायफल एका बोटावर आडवी तोलून धरली आहेस आणि हसतो आहेस. नळी एकीकडे, दस्ता दुसरीकडे, आणि ती अगदी सपाट आहे, परातीतल्या पाण्यासारखी. ते पाहून मला दाराची चौकट धरावी लागली. पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी कुठलीही लांब वस्तू अशी सपाट तोललेली मला पाहवत नाही. हातगाडीवाल्याच्या तराजूची दांडीसुद्धा नाही.

फोनवर सांगायला गेले तर मी मध्येच थांबेन आणि तुम्ही "हॅलो, हॅलो" करत बसाल. म्हणून लिहिते आहे. तुम्हाला मराठी अडतं, तेव्हा हे तुमची आईच तुम्हाला वाचून दाखवेल. तिलाही हे आजच कळेल. ती तेव्हा तीन वर्षांची होती आणि मी तिला कधी सांगितलेलं नाही.

क्रमानं सांगते. क्रम सुटला की मला लिहिता येत नाही.

आधी रायफल. ती माझ्या सासऱ्यांची, म्हणजे तुमच्या पणजोबांची. मी त्यांना मामंजी म्हणायची, तेही त्यांच्या पाठीमागे. समोर काहीच म्हणायची नाही. त्यांनी ती निजामाच्या काळात हैदराबादेहून आणली होती. परवाना उर्दूत होता, मागून त्याला मराठी कागद जोडले गेले. नळी लांब होती, म्हणून घरात तिचं नाव लांबडी. "लांबडी उतरवा", "लांबडीला तेल दिलं का", असं सगळे बोलायचे. मला वाटायचं घरात आणखी एक जाऊ आहे.

मी हैदराबादेत इंग्रजी शाळेत शिकलेली. लग्न होऊन चकलांब्याच्या अलीकडच्या आमच्या गावी आले तेव्हा मला चूल पेटवता येत नव्हती. मामंजींनी पहिल्या महिन्यातच ओळखलं की हिला स्वयंपाकापेक्षा वस्तू पुसून जागच्या जागी ठेवणं बरं जमतं. म्हणून बाहेरच्या खोलीतली तीन कामं माझ्याकडे आली: कंदिलाच्या काचा, सोसायटीच्या कागदांची कपाटं आणि लांबडी. ते स्वतः गावच्या सोसायटीचे चेअरमन होते. तुमचे आजोबा परळीकडे साखर कारखान्यात नोकरीला, महिन्यातून दोनदा घरी यायचे. त्यामुळे लांबडी पुसणं माझ्याकडेच राहिलं.

ती उचलायला कशी होती, ते तुला कळायला हवं, कारण सगळं त्यातच आहे. जड अशी फार नव्हती, पण जडपणा पुढे होता. नळीखाली तितकीच लांब दुसरी बारीक नळी, काडतुसं ठेवायची. दोन्ही मिळून डाव्या हाताच्या पुढे ओढायच्या. खांद्याला लावायची म्हटलं की ती सावकाश वर यायची, रहाटावरून भरली घागर येते तशी. पण एकदा वर आली की जागेवर राहायची. माझ्या हातांना सदा कापरं, तरी लांबडी धरली की नळीचं टोक फारसं हलत नसे. तो पुढचा भारच हाताचं कापरं खाऊन टाकायचा. मामंजी म्हणायचे, म्हणून तर त्यांनी लांब नळी घेतली. दस्त्याजवळची खाच आणि टोकावरची नेम धरायची माशी यांत जितकं अंतर जास्त, तितकी नेमातली चूक लवकर दिसते, आणि लांबची माशी म्हाताऱ्या डोळ्यांनाही नीट दिसते. तोटा एवढाच की दारातून नेताना ती चौकटीला लागायची. आमच्या बाहेरच्या दाराच्या डाव्या फळीवर तिच्या टोकाचे वण होते.

आमचा एक म्हातारा गाडीवान होता. त्याची भाषा बैलगाडीची. गाडीत माल पुढे जास्त झाला की जू बैलांच्या मानेवर बसतं, त्याला तो "धुरीला जड" म्हणायचा. मागे जास्त झाला की गाडी मागे झुकते आणि जू वर उचललं जातं. ती गाडी "उलाळ". लांबडीला तो हात लावत नसे, पण दुरून म्हणायचा, "मालक, तुमची बंदूक धुरीला जड हाय. बैल असती तर मान मोडली असती."

आता चुकेचं सांगते. नळीखालच्या लाकडात मामंजींनी एक पितळी चूक, म्हणजे बारीक खिळा, ठोकली होती, ज्वारीच्या दाण्याएवढ्या डोक्याची. रायफल रिकामी असली आणि त्या चुकेखाली बोट धरलं की ती सपाट राहायची. खालच्या नळीत काडतुसं असली की भार पुढे सरकायचा आणि टोक खाली झुकायचं. झुकली तर भरलेली, सपाट तर रिकामी. डोळ्यांनी बघायचं कामच नाही. मामंजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरू लागला होता, त्यामुळे त्या चुकेवर त्यांचा जीव होता. घरातल्या सगळ्यांना ही खूण ठाऊक होती. मलाही ती फार आवडायची. शाळेत आमच्या बाईंनी पेन्सिलीवर फुटपट्टी तोलून तरफ आणि टेकू शिकवला होता. इतक्या दूर, या गावात, त्या धड्याची वस्तू मला भेटली होती.

रायफल ठेवण्याआधी मामंजींचं एक ठरलेलं असायचं. ओट्यावर बसायचं, चुकेखाली बोट धरून तोल बघायचा, "रिकामी हाय" असं मोठ्यानं म्हणायचं. मग कडी एकदा खाली-वर, समोरच्या कडब्याच्या गंजीवर नेम आणि चाप. टक्. त्यानं आतली कमान सैल पडते आणि हाताला सराव राहतो, असं ते म्हणायचे. गंजीवरच का, तर न जाणो कधी काही उडालंच, तर दोन पुरुष उंच कडबा ते गिळून टाकील. तीस वर्षं ते हे करत होते. काही उडालं नव्हतं.

आणि मग बहात्तरचा दुष्काळ आला.

तुम्हाला दुष्काळ म्हणजे पाणी नाही एवढंच वाटेल. मला आठवते ती भीती. सगळ्या वस्तू आपल्या जागेवरून हलल्याची भीती. विहिरीतला पायरीचा दगड, जो मी कधी पाहिला नव्हता, तो उघडा पडला. सुतार, लोहार, शिंपी, सगळे खडी फोडायला सरकारी कामावर. गावात दार मोडलं तर मोडलेलंच. सोसायटीनं आंब्याच्या राईत जनावरांची छावणी उघडली, आणि चेअरमनच्या घरचा कडबा आधी गेला पाहिजे म्हणून मामंजींनी आमची गंज पहिल्याच आठवड्यात गाड्या भरून तिकडे पाठवली. अंगणापलीकडे गंजीच्या जागी नुसतं एक फिकट वर्तुळ उरलं. त्या वर्तुळापलीकडे कडुलिंबाचं झाड, आणि झाडाखाली एक मेंढपाळ म्हातारी येऊन उतरली होती. तिची मेंढरं मेली होती किंवा विकली होती. चार शेळ्या उरल्या होत्या. तुमच्या आईला ती रोज सकाळी कपभर दूध द्यायची. तुमची आई कप घेऊन जायची आणि दूध पिऊनही परत यायची नाही, तिच्या मांडीत बसून राहायची.

मी म्हणायची, "मावशी, पाठवून द्या हो तिला."

म्हातारी म्हणायची, "कावून? माझी मांडी काय फाटली का?"

त्याच दिवसांत लांडग्याचं सुरू झालं. छावणीतलं एक वासरू गेलं, मग दुसरं. कोणी म्हणालं लांडगा, कोणी म्हणालं पिसाळलेलं कुत्रं. बायका पाण्याला चौघी-चौघी मिळून जायला लागल्या. मी तर दिवसाढवळ्या परसात जायलाही कंदील पुसायचं निमित्त काढून टाळाटाळ करायची. तुमच्या आईला डोळ्यांआड होऊ देत नव्हते. लिंबापर्यंतची तीस-चाळीस पावलंसुद्धा मी दारातून मोजायची.

मामंजींनी छावणीत राखणीला बसायचं ठरवलं. पण लांबडी आजारी होती. त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिच्या टोकात कुंभारमाशीनं मातीचं घर केलं होतं. मामंजींना दिसलं नाही आणि त्यांनी बार काढला. नळीचं तोंड फुगलं आणि एका बाजूनं चिरलं. शहरातल्या बंदुकीच्या दुकानात परवान्यावर नोंद करून ते तोंड कापून घ्यावं लागलं. चार बोटं नळी गेली, तितकीच खालची बारीक नळी गेली. माशी नव्या टोकावर बसवून दिली. कापलेला तुकडा मामंजींनी मागून आणला. "आपल्या घरचं हाय," म्हणाले.

ज्या दिवशी ती परत आली त्या दिवशी दुपारी ते ओट्यावर उभे राहून तिला वर-खाली करत होते. मी दाराआड होते. त्यांच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्या वर्षात पाहिला नव्हता. "हलकी झाली! पोरीसारखी पटकन वर येती." आणि खरंच यायची. नेम धरायच्या आधीच दस्ता खांद्यात बसलेला असायचा. मला मात्र दिसत होतं की टोक आता एका जागी राहत नव्हतं, उदबत्तीच्या धुरासारखं फिरत होतं. लवकर वर येते ती लवकर हलते पण, हे मी मनात म्हटलं. बोलले नाही.

मग त्यांनी सवयीनं चुकेखाली बोट धरलं. रायफल सपाट राहिली नाही. दस्ता खाली गेला, टोक वर.

गाडीवान खालून हसला. "मालक, उलाळ झाली की तुमची बंदूक! म्होरला माल गेला न्हवं का."

"चूक मागं सरकवावी लागंल," मामंजी म्हणाले. "सुतार कुठं हाय?"

"खडीवर. आन् त्यो आता चूक ठोकील व्हय? हाताला फोड आल्यात त्याच्या."

"आल्यावर बघू."

त्यांनी ती खुंटीला टांगली. तिसऱ्या दिवशी काडतुसं भरून घेऊन ते छावणीत गेले.

आता ती सकाळ.

दहा वाजले असतील. गाडी अंगणात आली. मामंजी उतरले. रात्रभर बसून त्यांचे डोळे लाल, ओठ फुटलेले. लांडगा आला नव्हता. पण उजाडताच वैरणीच्या वाटपावरून छावणीत भांडण झालं होतं. ते सोडवून, ओरडून ते थेट आले होते. गाडीवान बैल सोडत होता. मी पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होते, पदर डोक्यावरून, नजर खाली, रोजच्यासारखी.

ते ओट्यावर बसले. तांब्या घेतला नाही. आधी रायफल मांडीवर घेतली आणि चुकेखाली बोट धरलं.

सपाट.

"रिकामी हाय," ते म्हणाले.

मला बरं वाटलं. हे मी लिहिते आहे कारण तेच मला सगळ्यात भयंकर वाटतं. सगळं हललेल्या त्या वर्षात एक वस्तू जशी असायची तशी दिसली आणि मला बरं वाटलं. मी तांब्या जमिनीवर ठेवायला वाकले. वाकतावाकता मला वाटलं, पण ती तर उलाळ झाली होती.

परत आली त्या दिवशी रिकामी असताना दस्ता खाली गेला होता. गाडीवान हसला होता. आज सपाट आहे. म्हणजे पुढे काहीतरी आहे. जितकी नळी कापली, जवळजवळ तितकाच भार पुन्हा पुढे आला आहे. तो भार कशाचा?

फुटपट्टी, पेन्सिल, बाईंचा खडूनं माखलेला हात, सगळं एकदम डोळ्यांसमोर आलं. मी वर पाहिलं.

मामंजींनी कडी खाली केली. रिकाम्या लांबडीचे दोन आवाज मला पाठ होते: खट, खट. कोरडे, स्वच्छ. आज त्या दोघांच्या मधे एक तिसरा आवाज आला, पितळ सरकल्याचा, दबका. त्यांनी कडी वर केली. आणि ते गंजीकडे वळले.

गंज नव्हती. त्यांच्या हाताला ते माहीत नव्हतं. तीस वर्षं त्या दिशेला दोन पुरुष उंच कडबा होता आणि हात तिकडेच गेला. त्या फिकट वर्तुळावरून माझी नजर पलीकडे गेली. लिंबाखाली म्हातारी पाठ करून शेळीची धार काढत होती आणि तिच्या खांद्यावरून तुमच्या आईचं डोकं दिसत होतं. मी सकाळी बांधलेली लाल रिबीन.

मला ओरडायचं होतं. काय ओरडायचं? लग्नाला पाच वर्षं झाली होती आणि मी मामंजींशी समोरासमोर एक वाक्य बोलले नव्हते. काही सांगायचं असलं तर भिंतीकडे पाहून, "पानं घेतली आहेत म्हणावं," असं. त्यांना हाक मारायला माझ्याकडे शब्दच नव्हता. "थांबा" म्हणायचं असतं हे आज मला कळतं. तेव्हा गळ्यात ते आलंच नाही. आणि वेळ नव्हता. पूर्वीची लांबडी असती तर ती सावकाश वर आली असती, घागरीसारखी, आणि मला एक श्वास मिळाला असता. ही पोरीसारखी पटकन आली. दस्ता खांद्याला लागलासुद्धा. टोक धुरासारखं फिरत होतं, लिंबाच्या बुंध्यावर, शेळीवर, रिबिनीवर.

तेव्हा माझ्या तोंडून निघालं,

"होऽऽ! हो, हो, हो!"

बैल थांबवताना ओरडतात तसं. गाडीवान दिवसातून पन्नासदा ओरडायचा आणि मी खिडकीतून ऐकायची, तेवढंच. इतका मोठा आवाज माझ्यात आहे हे मला माहीत नव्हतं. सोडलेले दोन्ही बैल जागच्या जागी उभे राहिले. आणि मामंजीही उभे राहिले, म्हणजे बसल्या जागी गोठले. जन्मभर शेतात राहिलेला माणूस, तो आवाज कानांत शिरला की त्याचे हात आधी थांबतात, मग तो विचार करतो. त्यांचं बोट चापावर होतं. त्यांनी ते काढलं.

लिंबाखालची म्हातारी वळून बघायला लागली.

मी म्हणाले, "भरलेली आहे." त्यांच्याकडे बघून म्हणाले. पदर खाली पडला होता.

मामंजींनी टोक आभाळाकडे केलं. सावकाश कडी ओढली. एक काडतूस उडालं आणि ओट्याच्या फरशीवर टण् करून पडलं, गडगडत माझ्या पायाशी आलं. पुन्हा कडी. दुसरं. ते ओढत राहिले, ओढत राहिले. दहा पडली. शेवटी ते रिकाम्या जागेत करंगळी घालून चाचपडत होते.

सकाळी ती रिकामी केली होती की नाही, हे त्यांना आठवत नव्हतं. भांडण सुरू झालं आणि ते उठले, एवढंच आठवत होतं. आठवायची गरज कधी पडलीच नव्हती. बोट सांगायचं ना.

मी लिंबाकडे पळाले असेन असं तुम्हाला वाटेल. नाही. मी चौकट धरून खाली बसले आणि मला उठता येईना. तुमच्या आईला म्हातारीनंच उचलून आणलं. "एवढी कावून वरडली, बाई? लांडगा आला का?" तिनं विचारलं. मी काही सांगायच्या आधीच गाडीवान बोलला.

"लांडगा न्हाई आला. सूनबाईनं मालकाला बैलावानी हाकललं!"

तो हसायला लागला, पण त्याचे हात बैलाच्या दाव्यात अडकले होते आणि गाठ काही सुटत नव्हती. "लई झ्याक वरडल्या, वैनीबाई. माझी बैलं बी भ्याली."

"गप बे," मामंजी म्हणाले.

ते उठले आणि अनवाणी ऊन तुडवत गंजीच्या वर्तुळात जाऊन उभे राहिले. तिथून त्यांनी ओट्याकडे पाहिलं. मग वळून लिंबाकडे पाहिलं. तुमच्या आईनं तेवढ्यात माझ्या मांडीवर सगळं दूध सांडलं. परत आले तेव्हा त्यांनी पक्कड मागितली. ती मी द्यायची, कारण ती कुठे असते हे मलाच ठाऊक होतं. कशीबशी उठून दिली. त्यांनी लाकडातली पितळी चूक हलवून हलवून उपटली आणि माझ्यासमोर तळहात धरला.

"ही चूक ठिवा. हरवू नका."

गाडीवान म्हणाला, "आन् दुसरी कुठं मारायची, मालक? मी ठोकतो, सुतार कशाला पायजे."

"कुठंच न्हाई."

मग ते माझ्याकडे वळले. "सूनबाई, तुमी बोलत जावा."

एवढंच ते बोलले. मग तांब्याभर पाणी पिऊन भिंतीकडे तोंड करून झोपले, आणि झोपेत त्यांचा उजवा हात मिटत-उघडत होता.

त्या दिवसापासून रीत बदलली. ते कडी उघडून रायफल माझ्यासमोर उजेडात धरायचे. मी आत बघायची, करंगळी घालायची, आणि त्यांच्याकडे पाहून मोठ्यानं म्हणायची, "रिकामी आहे." मग ती खुंटीवर जायची. नेम नाही, चाप नाही. ते गेले तोपर्यंत असंच चाललं. घरातल्या बायका आधी कुजबुजल्या, मग त्यांना सवय झाली. लांडग्याचं म्हणाल तर तो शेवटपर्यंत कोणाला दिसला नाही.

भीती मात्र गेली नाही. मी सुखात राहिले, तुमची आई मोठी झाली, शिकली, तुमच्याकडे गेली. पण कधी एखादी फुटपट्टी टेबलाच्या कडेवर सपाट तोललेली दिसली की मी ती हातानं पाडते. आजोबा हसायचे. त्यांनाही मी सगळं सांगितलं नव्हतं. मामंजींनीही सांगितलं नाही. गाडीवान सांगायचा, पण त्याच्या गोष्टीत फक्त बैल होते.

म्हणून, बाळा, तुझ्या रायफलीबद्दल. आखूड नळी दारातून नीट जाते, पटकन वर येते, खांदा दुखत नाही. सगळं खरं आहे. पण पटकन येते तेव्हा ती मधला वेळही घेऊन जाते. आणि तिचा तोल आज जसा आहे तसा उद्या नसेल. पुढे काडतुसं असली तर वेगळा, नसली तर वेगळा, नळी कमी-जास्त केली तर आणखी वेगळा. बोटाला ते कळतं असं वाटतं, आणि बोटाला फक्त कालचं आठवत असतं. बोटावर तोलण्याआधी कडी उघड. उजेडात धर. डोळ्यांनी बघ. जवळ कोणी असेल तर त्यालाही बघायला लाव, आणि त्यानं मोठ्यानं म्हणेपर्यंत थांब. फोटोत तुझ्या रायफलीच्या टोकासमोर तुझा मोठा भाऊ बसला आहे. तू पाहिलंस का ते?

लांबडी मामंजींच्या मागे पोलीस ठाण्यात जमा केली. लिंब वठला. म्हातारी पुढच्या पावसाळ्यात तिच्या माणसांकडे निघून गेली, जाताना एक शेळी तुमच्या आईच्या नावानं ठेवून.

नळीचा कापलेला चार बोटांचा तुकडा माझ्याकडे आहे. एका बाजूनं चिरलेला आहे. पंख्यानं उडू नयेत म्हणून हे कागद त्यानंच दाबून ठेवले आहेत. पितळी चूक शिवणाच्या डब्यात आहे, बटणांच्या खालच्या कप्प्यात.